एकोणीस वेळा मेलेला भाडेकरू

कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीला आमच्या बेसमेंटमध्ये एक इंग्रज राहत होता. दोन हजार सहाच्या जानेवारीत तो दोन सुटकेसा घेऊन आला आणि पुढच्या अडीच वर्षांत एकोणीस वेळा मेला. त्यातल्या सतरा मरणांना मी स्वतः सोफ्यावर बसून हजर होतो. उरलेल्या दोन वेळी केबल गेली होती, पण ती मरणं झाली याबद्दल मला शंका नाही. मी हे जसं घडलं तसंच सांगतोय. आमची सुमेधा म्हणते की मी घडलं तसं न सांगता घडायला हवं होतं तसं सांगतो. पण सुमेधा साताऱ्याची. ती भिंतीवरच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नाही, फोन करून कुणाला तरी वेळ विचारते.

मुलाचं नाव जास्पर हॉलिस. वय सव्वीस. इंग्लंडात डर्बी नावाचं गाव आहे, तिथल्या दातांच्या डॉक्टरचा मुलगा. केस काळेभोर, रंग आमच्या कोकणातल्या पाहुण्यांइतकाच गोरा, आणि कान बापाचे, कपाच्या कानांसारखे बाहेर आलेले. बापाची इच्छा होती की त्यानं दवाखान्यात बसावं. पण मुलाला नाटकाचं वेड. लंडनला जाऊन रीतसर शिकला आणि एका नाटकात त्याला बटलरची भूमिका मिळाली. दोनशे बारा प्रयोग त्यानं दार उघडलं. वाक्य एकच, ‘बाईसाहेब घरी नाहीत.’ तेही दर प्रयोगात खोटं, कारण बाईसाहेब सोफ्यामागे लपलेल्या असत. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की दार फार आत्मविश्वासानं उघडलं गेलं. ते कात्रण लॅमिनेट करून त्यानं बेसमेंटच्या वॉशरूममध्ये, आरशाशेजारी लावलं होतं.

मग सिनेमा. इंग्लंडातल्या जुन्या लढाईचा सिनेमा होता आणि तो इकडे व्हँकुव्हरजवळ शूट झाला, कारण निर्मात्याच्या मते कॅनडा हा इंग्लंडपेक्षा जास्त इंग्लंडसारखा दिसतो. जास्परला चाळीस वाक्यं होती. सिनेमा लागला तेव्हा त्यातली त्याची पाठ तेवढी उरली होती. पण पाठ चांगली होती, आणि तो इथेच राहिला.

आता इथली गंमत बघा. व्हँकुव्हरमध्ये ज्या मालिका होतात त्या सगळ्या अमेरिकेत घडतात. न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला, टेक्सासचा शेरीफ, मायामीचा चोर, सगळे इथेच, आमच्या पावसात. तिथे डर्बीच्या उच्चारांना कोण विचारणार? पण प्रेताला उच्चार नसतात. त्यामुळे जास्परला प्रेतांची कामं मिळू लागली. तो मरायचाही सुरेख. बाथटबमध्ये मेला, ट्रंकेत मेला, एका मालिकेत तर पहिल्या भागात मेला आणि चौथ्या भागात त्याचाच जुळा भाऊ म्हणून पुन्हा मेला.

बेसमेंटला फोन नव्हता, म्हणून त्याच्या आईचा फोन वर आमच्याकडे यायचा. दर मरणानंतर हमखास. “सुमेधा, तो नीट आहे ना?” बाईंना ठाऊक असायचं की हे सगळं खोटं आहे, पण आपल्या मुलाला पोत्यात घातलेलं बघून कुठल्या आईला घास उतरेल? एकदा ती सुमेधाला म्हणाली, “मला ते बक्षिसं-बिक्षिसं काही नको. एक सिनेमा असा बघायचाय, ज्यात तो शेवटपर्यंत जिवंत असेल.” त्या दिवसापासून सुमेधा जास्परकडे, परीक्षेत नापास होणाऱ्या भाच्याकडे बघावं तसं बघायची.

दोन हजार आठच्या जूनमध्ये त्याला इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं. नोव्हेंबरअखेरपर्यंत बोलण्याची, नावासकट भूमिका मिळाली तर वर्क परमिट पुढे वाढेल. नाहीतर डर्बी, दवाखाना, आणि ‘तोंड उघडा’ म्हणणाऱ्या बापाशेजारची खुर्ची.

त्याच आठवड्यात तो जिना चढून वर आला. हातात कागद होते.

“मिस्टर शरद,” तो म्हणाला, “तुम्ही बायकोवर ज्या भाषेत ओरडता ती कुठली?”

“ओरडते ती,” मी म्हटलं. “पण भाषा मराठी.”

त्याचा चेहरा उजळला. प्रकरण असं होतं. एक मोठा सिनेमा येत होता. अठराशे चाळीसचा सातारा. साताऱ्याचं शूटिंग इथून चार तासांवरच्या कॅमलूप्सला, कारण तिथले डोंगर कोरडे आणि पिवळे. एक तरुण इंग्रज कॅप्टन, जो मराठी बोलतो, सगळ्या मारामारीतून वाचतो आणि शेवटच्या दृश्यात म्हातारा होऊन आठवणी लिहीत बसतो.

“शेवटच्या दृश्यात?” स्वयंपाकघरातून सुमेधा बाहेर आली. “म्हणजे जिवंत?”

“जिवंत,” जास्पर म्हणाला. “आणि बोलतो.”

“उद्या सकाळी साडेसातला ये,” सुमेधा म्हणाली. “मेथी निवडता निवडता शिकवीन. आणि अहो, तुम्ही यात बोलू नका. तुमचं मराठी बिघडलंय.”

तीन महिन्यांत तो पोरगा असं मराठी बोलायला लागला की माझी मलाच लाज वाटू लागली. मी ‘ग्रोसरी करून येतो’ म्हणायचो आणि हा विचारायचा, “काका, वाणसामान आणायला निघालात का?” मी ड्राइव्हवे शोव्हल करण्याच्या गोष्टी सांगायचो, हा त्याला ‘बर्फ उपसणं’ म्हणायचा. सुमेधाचे शब्द त्यानं उचलले, तिचे टोमणे उचलले, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान वळवायची तिची ढबही उचलली.

इथे मी एक चूक केली. मला वाटलं, पोराला जरा स्टेजवर सराव मिळावा. म्हणून त्याला आमच्या इथल्या मराठी मंडळात घेऊन गेलो.

आमच्या मंडळाचं गणपतीतलं नाटक कसं ठरतं ते सांगितलं पाहिजे. मंडळाकडे एक लाल कोट आहे. सोनेरी बटणांचा, खांद्यावर झालरी असलेला, एकोणीसशे शहाऐंशीत शिवलेला. तो वापरता आला पाहिजे, म्हणून दरवर्षी नाटकात एक इंग्रज साहेब लागतो. ऐतिहासिक नाटक असलं तर प्रश्नच नाही. पण एका वर्षी कौटुंबिक नाटक बसवलं, त्यातही दुसऱ्या अंकात सासूबाईंच्या स्वप्नात साहेब आला. आणि हा साहेब बावीस वर्षं एकाच माणसानं केला. आमचा शशिकांत. चिपळूणचा, घाऱ्या डोळ्यांचा, टोमॅटोसारखा लाल. वीजकंपनीत इंजिनियर. एरवी सभेत पाणी मागायलाही लाजणारा. पण एकदा कोट चढवला की त्याच्यासमोर खुर्च्यासुद्धा नीट ओळीत उभ्या राहत.

त्या वर्षीचं नाटक राजननं लिहिलं होतं. राजन पुण्याचा, टेक कंपनीत मॅनेजर, आणि कॉलेजच्या एकांकिकेत एकदा पडदा ओढल्यापासून दिग्दर्शक. जास्परला बघून तो खुर्चीतून उठलाच.

“शरदकाका, ॲक्च्युअल इंग्रज,” तो म्हणाला. “टोरांटोवाल्यांकडे आहे का? सांगा ना, आहे का? शशीकाका, यू डोंट माइंड, राइट? तुम्ही या वेळी प्रॉम्प्टिंग करा.”

शशिकांत म्हणाला, “नाही, माइंड कशाला.” आणि कोटाची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली. ठेवल्यावर तिच्या बंदाची गाठ सोडून पुन्हा एकदा बांधली.

पहिली तालीम कम्युनिटी सेंटरच्या वरच्या खोलीत. जास्पर पुढे आला, पाटलासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “पाटील, ही जमीन आजपासून कंपनी सरकारची. उद्या दिवस उगवायच्या आत तुमची गुरं इथून हलली पाहिजेत.”

स्वच्छ. धारदार. माझ्या अंगावर काटा आला. पण राजन डोकं खाजवत होता.

“छान आहे,” राजन म्हणाला. “म्हणजे क्लॅरिटी वगैरे सुपर्ब. पण काय होतंय… इंग्रज वाटत नाहीये.”

“मला तर तलाठी वाटला,” अध्यक्ष सुनेत्राताई म्हणाल्या. “आमच्या गावचा होता ना, अगदी तस्सा.”

तेवढ्यात कोपऱ्यातून, हातात स्क्रिप्ट धरलेल्या शशिकांतच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “वेऽल पाटील, हा जमीन कंपनी सरकारचा हाय. टुमचा गाय-बैल समदा हलवून टाका.”

सगळी खोली हसली. टाळ्या पडल्या. सुनेत्राताई म्हणाल्या, “हा बघा, हा इंग्रज.”

जास्परनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “ताई, इंग्रज असं बोलतो?”

“आमच्यात असंच बोलतो.”

“पण मी इंग्रज आहे.”

“ते ठीक आहे रे राजा,” सुनेत्राताई मायेनं म्हणाल्या. “पण लोकांना कळायला नको का?”

झालं. ठराव झाला, की शशिकांतनं जास्परला इंग्रज व्हायला शिकवावं. दर शनिवारी दुपारी शशिकांतच्या गराजमध्ये वर्ग भरू लागला. मी एका बर्फ ठेवायच्या कूलरवर बसून बघायचो.

“पाय फाकव,” शशिकांत सांगायचा. “डावा हात कमरेवर. उजव्या हातात छडी, ती बुटावर आपट. वाक्याआधी ‘वेल’. आणि समोरच्याकडे बघायचं नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचं.”

“पलीकडे काय असतं?”

“काही नसतं. म्हणूनच बघायचं.”

“शशीकाका, आमच्याकडे कुणी असं उभं राहत नाही.”

“तुमच्याकडे विसरले असतील,” शशिकांत म्हणाला. “आम्ही जपून ठेवलंय.”

दोघांचं हळूहळू जमत गेलं. जास्पर वहीत टिपणं काढायचा. मरणाव्यतिरिक्त दुसरं काही नीट शिकवणारा त्याला इकडे पहिल्यांदाच भेटला होता. आणि शशिकांतलाही आपण बावीस वर्षं काय करत होतो हे कुणीतरी लिहून घेतंय, याचं भलतंच कौतुक वाटायला लागलं.

प्रयोगाच्या दिवशी राजनला जास्परचे काळे केस खटकले, म्हणून सोनेरी टोप घातला. लाइटमध्ये रंग कमी पडतोय म्हणून पावडर थापली. कोट बारीक अंगावर ढगळ झाला, मागून सात सेफ्टी पिना लावल्या. आणि डर्बीचा जास्पर हॉलिस, इंग्रजासारखा दिसायची शिकस्त करत, स्टेजवर गेला. काम बरं केलं त्यानं. मध्यंतरात शेजारच्या सरे गावाहून आलेले एक आजोबा मला बटाटेवडा हातात धरून म्हणाले, “मेकअप छान आहे हो. पण डोळ्यांत तो माज नाही. शशिकांतच्या होता. कुणाचा मुलगा हा?”

“आमचाच,” मी म्हटलं.

ऑडिशन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, थेट कॅमलूप्सला, कारण दिग्दर्शक तिथे सातारा शोधत फिरत होता. डोंगरातला रस्ता, वर बर्फ सुरू झालेला. जास्परकडे गाडी नाही, माझ्या गाडीला अजून उन्हाळ्याचे टायर. सप्टेंबरातच विंटर टायर्स लावणारा व्हँकुव्हरच्या आसपासच्या आख्ख्या लोअर मेनलँडमधला एकच मराठी माणूस, शशिकांत.

“मी नेतो,” तो म्हणाला. “त्याच्यात माझं काम आहे. ते बघायला मी नको?” लाल कोटही त्यानं बरोबर घेतला. लागला तर असावा.

कॅमलूप्सच्या मोटेलची एक खोली, बाहेर खुर्च्या मांडलेल्या. हीटर बंद पडलेला. मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो. शशिकांतनं जॅकेट गाडीत ठेवलं होतं, आणि पार्किंग लांब. त्यानं पिशवी उघडली आणि तो लाल कोट अंगावर चढवला.

जास्पर आत गेला. दार अर्धं उघडं. आत दिग्दर्शक, त्याच्याशेजारी भूमिका ठरवणारी एक उंच बाई, आणि दोन माणसं जी नुसती कॉफी पीत होती. जास्परनं आधी सुमेधाचं मराठी म्हटलं. शांत, स्वच्छ.

“इंटरेस्टिंग,” बाई म्हणाल्या. “पण इंग्रज माणूस ही भाषा इतकी सहज कशी बोलेल? विश्वास बसत नाही.”

मग त्यानं शशिकांतचं मराठी म्हटलं. पाय फाकवले, काल्पनिक छडी आपटली.

“हे जवळ आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “पण तू जरा… कसं सांगू. तू पुरेसा इंग्रज नाहीस. आमच्या डोक्यात जो आहे, तो तू नाहीस.”

बाहेर शशिकांत उठला. सभेत पाणी न मागणारा आमचा शशिकांत. मला वाटलं वॉशरूमला चाललाय. तो सरळ आत शिरला.

“वेल,” तो म्हणाला, आणि मग इंग्रजीत, पण त्या कोटाच्या आवाजात, दिग्दर्शकाच्या डोक्यावरून पलीकडे बघत, “या मुलानं तीन महिने मेहनत केली आहे. दोनशे मैल आणला आहे मी त्याला. इंग्रज कसा असतो हे तुम्ही त्याला सांगणार? तुम्ही कधी इंग्रज पाहिला आहे का?” आणि गाडीची किल्ली त्यानं बुटावर आपटली. आता, हे विचारताना त्याच्यासमोर जे चार लोक होते त्यातले तिघे लंडनचे होते. पण चौघांनीही कॉफी खाली ठेवली.

“तुमचं नाव काय?” बाई हळूच म्हणाल्या.

“शशिकांत. बट दॅट इज नॉट द पॉइंट.”

“तुम्ही इंग्लंडात कुठले?”

“चिपळूणचा.”

“ऐकल्यासारखं वाटतंय,” दिग्दर्शक म्हणाला. त्यानं कॅप्टनचं वय लागलीच तीस वर्षांनी वाढवलं.

काय झालं ते जास्परला कळलं. भांडायला गेलेला माणूस भूमिका घेऊन बाहेर येत होता, आणि कोटासकट घामाघूम होऊन “अरे पण, ऐका ना, मला नकोय” असं म्हणत होता. जास्पर चिडला नाही. तो दारात उभा राहून मला म्हणाला, “चला काका. त्यांची काही चूक नाही. नशिबात दवाखानाच दिसतोय. काकूंना सांगू नका एवढ्यात, पोळ्या करपतील त्यांच्या.” आणि सुमेधासारखीच मान वळवली.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“एक मिनिट,” दिग्दर्शक म्हणाला. “हा आत्ता जो बोलला तो कोण होता?”

“तोच,” मी म्हटलं. “जास्पर.”

“तो नाही. तो दुसरा. ज्याचे खांदे पडले, ज्यानं मान वळवली. कॅप्टनचा कारकून. आम्ही दोन महिने त्याला मुंबईत शोधतोय.”

असा डर्बीचा जास्पर साताऱ्याचा कारकून झाला, आणि त्याला एकट्याला कसं सोडायचं म्हणून शशिकांतही कॅप्टन व्हायला तयार झाला. परमिटचे कागद तीस नोव्हेंबरच्या चार दिवस आधी आले. शूटिंग पुढच्या एप्रिलात. रोज अडीच तास त्याला तपकिरी रंग लावायचे, डोक्यावर पगडी. लॉस एंजेलिसहून आलेला एक भाषाशिक्षक त्याला सांगायचा की तुझं मराठी पुरेसं भारतीय वाटत नाही, मान जास्त हलव. जास्पर त्याला म्हणायचा, “हो गुरुजी,” आणि हलवायचा.

कारकून तसा किरकोळच होता. कॅप्टनच्या मागे दौत-टाक घेऊन उभं राहायचं आणि चाळिसाव्या मिनिटाला गोळी लागून पडायचं. म्हणजे विसावं मरण. जास्परनं ते मुकाट्यानं मान्य केलं. बोलायला मिळत होतं, परमिट मिळालं होतं. आईला मात्र त्यानं सांगितलं नाही.

पण घोटाळा शशिकांतच्या रजेनं केला. वीजकंपनी वर्षाला तीन आठवडे व्हेकेशन देते, त्यातला एक आठवडा त्यानं भाचीच्या लग्नासाठी राखून ठेवला होता. दिग्दर्शकानं विनवण्या केल्या, जास्त दिवस मागितले. शशिकांत म्हणाला, “ती मंगळवारची हळद आहे, मी नसलो तर बहीण आयुष्यभर बोलायची नाही.” दोन आठवड्यांत आख्खा सिनेमा कसा उरकणार? शेवटी ती चाळिसाव्या मिनिटाची गोळी कॅप्टनला लागली. त्यातही शशिकांत आटपेना. पडला, उठला, कंपनी सरकारबद्दल चार वाक्यं बोलला, पुन्हा पडला, पाणी मागितलं. अकरा टेक झाले. जास्पर बाजूला उभा राहून कानात सांगत होता, “काका, डोळे उघडे ठेवा, श्वास पोटात धरा, आता सोडा.” त्या विषयात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

कॅप्टन गेला, तर आठवणी कोण लिहिणार? शेवटचं दृश्य लिहून तयार, खोलीचा सेटही उभा. मग कुणीतरी म्हणालं, कारकून आहे की. त्याला मारायचं राहूनच गेलंय. पुढे तीन लढाया झाल्या, किल्ला पडला, महाराज गेले, कंपनीचा रेसिडेंट साहेब गेला. कारकुनाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटच्या दृश्यात तो पांढऱ्या मिशा लावून, दिव्याशेजारी बसून लिहीत राहतो, आणि पडदा काळा होतो तेव्हाही बोरूचा आवाज येत असतो.

दोन हजार दहाच्या मार्चमध्ये सिनेमा डर्बीला लागला. त्या रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो, जास्पर वरच होता. फोन वाजला. सुमेधानं घेतला आणि स्पीकर लावला.

“सुमेधा,” हॉलिसबाई म्हणाल्या, “मी दोनदा बघितला. तो कुठेच नाही. पाठही नाही दिसली. पुन्हा कापलं का गं त्याला?”

जास्परनं चमचा खाली ठेवला. “आई, मी आहे इथे.”

“अरे, वाईट वाटून घेऊ नकोस. सिनेमा चांगला आहे. तो लाल कोटातला कोण रे, फारच इंग्रज. तुझे बाबा म्हणाले, त्यांचे आजोबा असेच होते. आणि तो हिंदुस्थानी कारकून, शेवटचा… त्याला बघून मला का कोण जाणे रडू आलं. त्याचे कान अगदी तुझ्या बाबांसारखे होते.”

“तो मीच, आई.”

सुमेधानं गॅस बारीक केला.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “तू मेला नाहीस.”

“नाही.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“मग मी उद्या परत जाते,” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचंस ना, मी कानांकडे बघत बसले असते.”